साथीच्या काळात गावातून जर्नलचं काम कसं करावं: वीज, वेळ आणि तपासणी सांभाळण्याची रीत

२५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागली तेव्हा मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी होते. आठ दिवसांसाठी आले होते. पाठीवर लॅपटॉप, पिशवीत चार कपडे. पुण्याची खोली पुढे दीड वर्ष कुलूपबंद राहिली आणि माझं सगळं काम आमच्या माजघराला लागून असलेल्या धान्याच्या खोलीतून झालं.

मी संशोधनपत्रिकांची, म्हणजे जर्नलची, कॉपी एडिटर आहे. शोधनिबंध समीक्षकांकडून, म्हणजे त्या विषयातल्या तज्ज्ञांकडून, पार पडून मंजूर झाला की माझ्याकडे येतो. मी भाषा, आकडे, तक्ते, संदर्भ तपासते, लेखकाला शंका विचारते. मग तो टाइपसेटिंगला, म्हणजे पानांच्या मांडणीला, जातो, प्रूफ (छापण्याआधीची तपासणीची प्रत) निघतं, लेखक ते बघतो आणि निबंध ऑनलाइन लागतो. या साखळीत कुठेही काम करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे: प्रूफरीडर, टाइपसेटर, संपादकीय कार्यालयात पत्रव्यवहार बघणारे, कॉलेजचं जर्नल सांभाळणारे प्राध्यापक. विशेषतः जे हे काम वऱ्हाडातल्या, झाडीपट्टीतल्या गावातून करतात किंवा उद्या करावं लागेल अशांसाठी.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. साथीत वेळापत्रक मोडतं. ते मोडलं तर तारीख पुढे नेता येते, माफी मागता येते. तपासणी मोडली की चुकीचा आकडा कुठल्यातरी डॉक्टरच्या टेबलावर जातो. म्हणून वीज, नेट, घर, पैसा यांची जी व्यवस्था लावायची ती तपासणीला लागणारा निवांत वेळ वाचावा, एवढ्यासाठी.

पहिल्या दोन दिवसांत: हातातलं काम मोजा, कोणी विचारायच्या आधी कळवा

टाळेबंदी लागली की सगळ्यांचीच धांदल असते. त्या धांदलीत गप्प राहण्याची चूक मी केली. चार दिवस नेट धड नव्हतं आणि 'आज होईल, उद्या होईल' म्हणत मी कोणालाच काही कळवलं नाही. पाचव्या दिवशी मेल उघडली तर तीन को-ऑर्डिनेटरांची, म्हणजे मला काम सोपवणाऱ्यांची, सतरा पत्रं. त्यांच्या बाजूला चिंता, माझ्या बाजूला शरम, आणि काम होतं तिथंच.

वही घ्या. कॉम्प्युटरवर नाही, वहीतच, कारण लाईन गेली तरी ती उघडते. प्रत्येक निबंधासमोर लिहा: कोणत्या टप्प्यावर आहे, माझ्याकडे किती तासांचं काम उरलं आहे, फाइल माझ्याकडे उतरवलेली आहे की नाही, कोणाच्या उत्तरासाठी थांबला आहे. मग तीन ढीग करा. पहिला ढीग साथीशी थेट संबंध असलेल्या निबंधांचा, ज्यांच्यावर कोणाचा तरी उपचार अवलंबून असू शकतो. दुसरा ठरलेल्या अंकात जाणाऱ्यांचा, ज्यांची तारीख खरोखर बांधलेली आहे. तिसरा उरलेल्यांचा. माझ्याकडे तेव्हा एकोणीस निबंध होते. तारीख सगळ्यांवरच लिहिलेली होती, पण खरी बांधलेली तारीख फक्त पाचांना होती. हे कळल्यावर रात्रीची झोप लागली.

आता पत्र. ते लहान असावं आणि त्यात तारीख असावी. 'परिस्थिती कठीण आहे, समजून घ्यावं' असं लिहिलं तर समोरच्याला काहीच ठरवता येत नाही. मी असं लिहू लागले: 'मी गावी आहे. दिवसातून सहा तास वीज नसते, नेट पहाटे आणि रात्री चालतं. हा निबंध मी १४ तारखेला पूर्ण करून देईन. त्याआधी हवा असेल तर तो आजच दुसऱ्याकडे सोपवावा, माझी हरकत नाही.' शेवटच्या वाक्याला धीर लागतो, कारण त्यात पैसे जातात. पण त्या एका वाक्यामुळे को-ऑर्डिनेटरचा माझ्या बाकीच्या तारखांवर विश्वास बसला.

वीज

आमच्याकडे विजेला लाईन म्हणतात आणि ती येण्या-जाण्यावर घराचा दिवस ठरतो. शेतीपंपांचा फीडर वेगळा असला तरी पंप सुरू झाले की गावठाणातही व्होल्टेज पडतं, पंखा घरघर करत फिरतो. आधी आठ दिवस नोंद ठेवा: लाईन किती वाजता गेली, किती वाजता आली. तेवढ्यात कळतं की ती फार बेभरवशाची नाही. तिचीही एक चाल असते.

इन्व्हर्टर घेताना दुकानदार 'चार तास जाईल' असं सांगतो. तुम्ही स्वतः हिशेब करा. १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर. बॅटरी पूर्ण उपसू नये आणि इन्व्हर्टर स्वतःही थोडी वीज खातो, म्हणून हातात साधारण हजार धरा. लॅपटॉप ५० वॅट, छताचा पंखा ७०, एलईडी बल्ब १०, राउटर १०, असे १४० झाले. म्हणजे सात तास. पंखा काढला तर हाच साठा चौदा तास पुरतो. मे महिन्यात पंखा काढणं शक्य नाही, हे मला कोणी सांगायला नको. पण पहाटे छताचा पंखा बंद ठेवून खिडकी उघडी टाकली तर तेवढी वीज दुपारसाठी राहते. बॅटरी तीन-चार वर्षं जुनी असेल तर हा सगळा हिशेब अर्ध्यावर आणा.

उन्हाळ्यात बॅटरीतलं पाणी भराभर उडतं. दर पंधरा दिवसांनी बघा, डिस्टिल्ड वॉटरच घाला. इन्व्हर्टर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या लाईनसारखी सलग वीज देणारा, घ्या. लॅपटॉपच्या चार्जरला तो जास्त मानवतो. मृगाच्या आधीच्या वादळात, वीज कडाडायला लागली की नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन ओढून काढायची. आमच्या शेजारच्या घरात एका कडाक्याने टीव्ही, पंखा आणि मोबाइलचा चार्जर गेला. तेव्हापासून आकाशात चमकलं की आई आतून हाक मारते, "अवं, तुझं ते डबडं काढून ठेव आधी!"

नेट: फाइल पहाटे उतरवा, काम नेटशिवाय करा

दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवा. कुठलं घ्यायचं हे जाहिरातीवरून ठरवू नका. धाब्यावर (घराच्या छतावर), ओसरीत आणि कामाच्या खोलीत, पहाटे साडेचार, सकाळी दहा आणि रात्री नऊ अशा तीन वेळा वेग मोजा. आमच्या घरात एका कंपनीची रेंज फक्त माजघराच्या खिडकीत येते. तिथे खिळ्याला कापडी पिशवी टांगली आहे, तिच्यात हॉटस्पॉट चालू केलेला जुना फोन असतो. दीड वर्ष तो खिळा हेच माझं ऑफिसचं नेटवर्क होतं.

निबंधाची वर्ड फाइल लहान असते, दोन-चार एमबीची. जीव घेतात त्या आकृत्या. छपाईच्या प्रतीची एक टिफ फाइल ४० एमबीपर्यंत जाते. कॉपी एडिटिंगला ती लागत नाही; आकृतीतली अक्षरं, एककं, अक्षांची नावं वाचता आली की पुरे. को-ऑर्डिनेटरला सांगून सगळ्या आकृत्या एका हलक्या पीडीएफमध्ये मागा. बहुतेक वेळा त्यांना हे सुचलेलं नसतं, मागितलं की देतात.

संदर्भांची तपासणी हे नेटवर सगळ्यात जास्त अवलंबून असलेलं काम. एकेक संदर्भ शोधत बसलात तर दर पाच मिनिटांनी रेंज जाईल आणि तुमचा धागाही तुटेल. मी निबंध उघडला की आधी संदर्भसूचीतले सगळे डीओआय (प्रत्येक निबंधाचा कायमचा ओळख क्रमांक) एकत्र करते, पहाटेच्या चांगल्या नेटवर सगळ्यांच्या नोंदी झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ओढून घेते, आणि मग दिवसा नेट नसताना शांतपणे ताडून बघते. शब्दकोश, जर्नलची स्टाइल, जुन्या सूचना, सगळं डिस्कवर ठेवा. फाइलच्या नावात तारीख आणि आवृत्ती घाला, कारण अर्धवट चढलेली फाइल आणि पूर्ण चढलेली फाइल यांतला गोंधळ नंतर फार महागात पडतो. मीटिंगला व्हिडिओ बंद ठेवते असं एकदाच सगळ्यांना सांगून टाका. कोणालाही त्याचं काही वाटत नाही.

कामाचं घड्याळ गावाप्रमाणे लावा

काम देणाऱ्या कंपनीची वेळ दहा ते सात होती. विदर्भात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो. दुपारी बारानंतर पत्र्याखाली बसून कोणाचाही मेंदू तक्त्यातल्या बेरजा करत नाही. लॅपटॉपही तापून मंदावतो. कूलर लावा, पण त्याचा झोत थेट लॅपटॉपवर घेऊ नका, त्या हवेत ओल असते.

मी पहाटे साडेचार ते साडेआठ हा वेळ फक्त विचाराच्या कामाला ठेवला: आकडे, पद्धती, निष्कर्ष, तक्ते. या वेळात मेल उघडायची नाही. अकरा ते एक, माणसं आजूबाजूला असताना, संदर्भांची मांडणी, शीर्षकांची स्टाइल, अशी हाताला सवय असलेली कामं. एक ते चार आडवं व्हायचं. पन्हं प्यायचं, झोपायचं. याला आळस समजू नका. संध्याकाळी सहानंतर लेखकांची पत्रं, कारण तेव्हा युरोपात दुपार असते. लंडनचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. न्यूयॉर्कचं साडेनऊ आणि साडेदहा. रात्री आठला पाठवलेल्या शंकेचं उत्तर पहाटे उठेपर्यंत आलेलं असायचं. गावाचं घड्याळ इथे उलट सोयीचं पडलं.

शेतीचंही एक कॅलेंडर आहे आणि ते लपवू नका. जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबरात सोयाबीन निघतं, मग दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी. साथीत मजूर मिळत नव्हते, घरचे सगळे हात वावरात लागत होते, माझेही. को-ऑर्डिनेटरला मी लिहून टाकलं की १० ते २५ ऑक्टोबर मी रोज तीनच तास काम करेन. तिने दुसऱ्या दिवशी उत्तर पाठवलं की तिच्या घरीही भाताची कापणी असते.

आता मुख्य काम: घाईतल्या निबंधाची तपासणी

साथीत संशोधन फार वेगाने छापलं गेलं. समीक्षेआधीच प्रीप्रिंट म्हणून लाखो लोकांनी वाचलं. वेग हवाच होता. विषाणूच्या जनुकांची रचना जानेवारी २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात खुली झाली नसती तर लशीला किती उशीर झाला असता! पण घाईत काय होतं याची दोन उदाहरणं प्रत्येकाने डोक्यात ठेवावीत.

३१ जानेवारी २०२० ला दिल्लीतल्या संशोधकांचं एक प्रीप्रिंट बायोआर्काइव्ह या प्रीप्रिंटच्या संकेतस्थळावर आलं. नव्या विषाणूत एचआयव्हीशी जुळणारे तुकडे असल्याचं त्यात म्हटलं होतं. शास्त्रज्ञांनी लगेच चुका दाखवल्या आणि दोन दिवसांत लेखकांनी ते मागे घेतलं. तोवर ते जगभर फिरलं होतं. दुसरं उदाहरण अधिक बोचणारं, कारण तो निबंध समीक्षेतून गेलेला होता. २२ मे २०२० ला लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय जर्नलने कोविडवर दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधावरचा एक अभ्यास छापला: ६७१ रुग्णालयं, ९६,०३२ रुग्ण, आणि निष्कर्ष असा की औषधाने मृत्यूचा धोका वाढतो. तीन दिवसांनी जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची आपली चाचणी थांबवली. मग वाचणाऱ्यांनी साधी मोजणी केली. अभ्यासात ऑस्ट्रेलियातले २१ एप्रिलपर्यंतचे ७३ मृत्यू धरले होते. त्या तारखेपर्यंत पूर्ण देशात नोंदलेले मृत्यू होते ६७. अभ्यासाला आकडे पुरवणाऱ्या सर्जिस्फिअर या कंपनीने मूळ माहिती स्वतंत्र तपासणीला दिली नाही आणि ४ जूनला निबंध मागे घेतला गेला. तेरा दिवस.

७३ आणि ६७. हे पकडायला डॉक्टर असावं लागत नाही. कॉपी एडिटरच्या हाती खोटी माहिती ओळखण्याची सगळी साधनं नसतात, पण बेरीज, तारीख आणि तुलना ही तीन साधनं नक्की असतात.

मी कसं तपासते ते एका निबंधावरून दाखवते; आकडे तसेच ठेवून बाकी ओळख पुसली आहे. सारांशात रुग्ण २१२. पहिल्या तक्त्यात पुरुष १२७ (५९.९ टक्के), स्त्रिया ९४ (४०.१ टक्के). वरवर सगळं ठीक, टक्क्यांची बेरीज बरोबर १००. पण १२७ आणि ९४ मिळून २२१ होतात. आता टक्के उलटे करून बघायचे. १२७ भागिले २१२, उत्तर ५९.९. म्हणजे टक्के २१२ वर काढलेत. मग ४०.१ टक्के म्हणजे ८५ स्त्रिया. ९४ कुठून आल्या? इथे मोह होतो की आपणच ८५ करून टाकावं. तसं कधीही करू नका. मी लेखकाला शंका पाठवली. मूळ इंग्रजीत होती, मराठीत अशी: 'सारांशात एकूण रुग्ण २१२ आहेत. तक्ता १ मधल्या पुरुष (१२७) आणि स्त्रिया (९४) यांची बेरीज २२१ होते. दोन्ही टक्केवाऱ्या २१२ वर जुळतात. त्या हिशेबाने स्त्रिया ८५ येतात. कृपया मूळ नोंदी पाहून योग्य आकडा कळवावा.' उत्तर आलं: ८५ बरोबर. नऊ स्त्रिया दुसऱ्यांदा भरती झाल्या होत्या, त्यांच्या नोंदी जुन्या मोजणीत दोनदा पडल्या होत्या. आणि हा जुना आकडा पुढच्या दोन तक्त्यांतही शिरला होता.

शंका अशीच लिहावी: काय दिसलं, कुठे दिसलं, हिशेब काय सांगतो, तुमच्याकडून काय हवं. 'आकडे जुळत नाहीत, तपासा' असं लिहिलं तर रात्रपाळी करून आलेला डॉक्टर वैतागून 'ठीक आहे' एवढंच लिहून पाठवतो.

याशिवाय काही गोष्टी प्रत्येक निबंधात बघा. आजाराचं नाव कोविड-१९ आणि विषाणूचं सार्स-कोव्ह-२. दोन्ही नावं ११ फेब्रुवारी २०२० ला ठरली, त्यांची अदलाबदल होऊ देऊ नका. भारतातली औषधचाचणी असेल तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक असायलाच हवा. नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे. क्रमांक नुसता आहे की नाही ते बघून थांबू नका, तो उघडून चाचणीचं नाव जुळवा. एथिक्स कमिटीच्या (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीच्या) मंजुरीची तारीख अभ्यास सुरू झाल्याच्या तारखेआधीची आहे ना? संदर्भात प्रीप्रिंट असेल तर तसं स्पष्ट लिहिलंय का, आणि तोच निबंध नंतर जर्नलमध्ये छापून आलाय का? मागे घेतलेल्या निबंधांसाठी रिट्रॅक्शन वॉच या संकेतस्थळाची यादी मोफत आहे. झोटेरो त्यावरून आपणहून लाल खूण दाखवतो. लेखकाने संदर्भ दिला तेव्हा निबंध जिवंत होता आणि प्रूफ निघेपर्यंत मागे घेतला गेला, असं २०२० मध्ये अनेकदा घडलं. म्हणून ही शेवटची तपासणी प्रूफच्या दिवशी पुन्हा करायची.

लेखक, समीक्षक आणि आपोआप जाणारी स्मरणपत्रं

संपादकीय कार्यालयात असाल तर पहिल्याच दिवशी यंत्रणेतली स्मरणपत्रं सैल करा. आयसीयूत काम करणाऱ्या समीक्षकाला 'आपला अहवाल तीन दिवस उशिरा आहे' असं यंत्राने लिहिणं क्रूर आहे. ई-लाइफ या जर्नलने मार्च २०२० मध्येच लेखकांना आणि समीक्षकांना जास्त वेळ देण्याचं आणि अनावश्यक नवे प्रयोग न मागण्याचं जाहीर केलं होतं. लहान जर्नललाही एवढं सहज करता येतं. पहिल्या लाटेत स्त्री संशोधकांकडून येणाऱ्या निबंधांचं प्रमाण पुरुषांच्या मानाने मागे पडल्याचं नंतरच्या अभ्यासांत दिसलं. घराचा भार कोणाच्या खांद्यावर गेला ते उघड आहे. मुदत मागणाऱ्या बाईला कारण विचारू नका.

आणि एक पत्र मला लिहावं लागलं, ते तुमच्यावर येऊ नये, पण आलं तर. मे २०२१ मध्ये मी एका निबंधाचं प्रूफ पाठवलं. आठ दिवस उत्तर नाही. यंत्रणेतून दोन स्मरणपत्रं गेली. मग त्याच पत्त्यावरून त्यांच्या मुलीचं उत्तर आलं: बाबा ४ तारखेला गेले, हे काम कोणाला पाठवू? अशा वेळी स्मरणपत्रं तात्काळ बंद करा. दोन ओळींचं सांत्वनाचं पत्र स्वतः लिहा, त्यात कामाचा शब्द नको. काम सहलेखकांकडे वेगळ्या पत्राने न्या. संपर्क-लेखक, म्हणजे जर्नलशी पत्रव्यवहार करणारा लेखक, बदलायचा तर सगळ्या सहलेखकांची लेखी संमती घ्यावी लागते. दिवंगत लेखकाचं नाव काढायचं नसतं. नावापुढे खूण करून तळटीप देतात. निबंध लागला की त्याची प्रत घरच्यांना पाठवा. त्या मुलीने ती छापून फोटोखाली ठेवली आहे असं मला कळवलं.

घरच्यांना काम समजावून सांगा

गावात लॅपटॉपपुढे बसलेली पोरगी म्हणजे रिकामी पोरगी. शेजारच्या काकू आईला विचारायच्या, "दिवसभर डब्यापुढं बसून राह्यते, करते काय हे?" आईकडे उत्तर नव्हतं, कारण मीच कधी दिलं नव्हतं.

एका संध्याकाळी बाबांनीच विचारलं, "पण हे वाचते कोण?" मी त्यांना गडचिरोलीचं सांगितलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथल्या ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेतली, ४७ गावांशी तुलना केली, आणि तो अभ्यास १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. पुढे ही पद्धत सरकारी कार्यक्रमात आली. दादाच्या मुलाच्या वेळी आशाताई घरी येऊन बाळाचं वजन करून गेल्या, ताप बघून गेल्या, ते त्यातूनच. बाबा थोडा वेळ गप्प बसले. दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या खोलीबाहेर पत्र्याच्या बादल्या वाजल्या नाहीत. त्यांनी गुरांचं पाणी मागच्या दाराने नेलं होतं.

तुमच्या घरी तुमच्या कामाशी जोडलेलं असं काहीतरी असेलच. ते शोधून सांगा. मग जागा ठरवा, दार लोटलेलं म्हणजे हाक मारायची नाही एवढा एकच नियम ठेवा. गावाचं कामही तुमच्याकडे येणार: पीकविम्याचा फॉर्म, शाळेचा अभ्यास, २८ एप्रिल २०२१ नंतर तर लशीची नोंदणी. नाही म्हणू नका. मी संध्याकाळी पाच ते सहा ओसरीत बसायचे, सगळ्यांना तीच वेळ सांगितली. पहाटेचा वेळ त्यामुळे वाचला.

एक सीमा मात्र पाळावीच लागते. मी औषधांवरचे छापून न आलेले निबंध वाचत होते आणि चुलतभाऊ फोनवर विचारत होता, "तू तर डाक्टरायचं वाचतं, मग हे गोळी घेऊ का नको?" हातातला निबंध गोपनीय असतो, त्यातलं घरातही बोलायचं नाही. शिवाय एक निबंध म्हणजे उत्तर नव्हे, हे मे-जूनमध्ये आपण पाहिलं. मी त्याला प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर दिला, बोटाला ऑक्सिमीटर लावायला शिकवलं, आणि आकडा ९४ च्या खाली गेला तर एक तासही थांबू नको म्हणून बजावलं.

पैसा

हे थोडक्यात. पानामागे किंवा शब्दामागे पैसे मिळत असतील तर साथीत दोन गोष्टी होतात: कामं वाढतात आणि बिलं अडकतात. दर आणि मुदत मेलवर लेखी घ्या. तातडीच्या कामाला जास्तीचा दर आधी ठरवा, नंतर मागताना जीभ अडते. बिल महिनाअखेरीस न ठेवता प्रत्येक काम संपताच पाठवा. टीडीएस (बिलातून आधीच कापलेला आयकर) कापला असेल तर तो आयकर खात्याच्या वार्षिक विवरणात (२६एएस) दिसतो का ते तिमाहीला बघा. बँक तालुक्याला असते आणि टाळेबंदीत जाता येत नाही, म्हणून नेट बँकिंग आधीच सुरू करून ठेवा.

आजारी पडलात तर

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली तेव्हाच मी सोपवणीचं पान तयार केलं. एप्रिलमध्ये घरातले पाचही जण आजारी पडलो, तेव्हा ते एक पान पाठवून मी लॅपटॉप मिटला. त्यात होतं: प्रत्येक निबंधाचं नाव आणि टप्पा, कुठपर्यंत वाचून झालं, लेखकाकडे थांबलेल्या शंका, त्या निबंधापुरते ठरवलेले शब्द आणि शुद्धलेखन, फाइल कुठे ठेवली आहे. हे पान दर शुक्रवारी ताजं करा. अंगात ताप असताना 'तेवढं एक संपवते' म्हणत बसू नका.

बरं झाल्यावर लगेच विश्वासाने कामाला लागू नका, हे मी कळकळीने सांगते. कोविडनंतर अनेकांचं कित्येक आठवडे लक्ष टिकत नाही आणि ते आपलं आपल्याला कळत नाही. मी एक चाचणी केली. आजारपणाआधी स्वतः तपासलेला जुना निबंध घेतला, त्याची कोरी प्रत उघडली, दहा पानं नव्याने तपासली आणि वर्डमधल्या कम्पेअरने दोन्ही जुळवून बघितल्या. जुन्या वेळी पकडलेल्या अकरा चुका या वेळी सुटल्या होत्या. त्यातल्या दोन आकड्यांच्या. मी को-ऑर्डिनेटरला तसंच कळवलं आणि तीन आठवडे फक्त संदर्भांचं काम घेतलं. दर रविवारी पुन्हा चाचणी. चौथ्या रविवारी एकच सुटली, तेव्हा तक्ते परत हातात घेतले.

साथ ओसरल्यावर करायचं एक काम

२०२० आणि २०२१ मध्ये तुमच्या हातून गेलेल्या निबंधांची यादी काढा. प्रत्येकाची संदर्भसूची रिट्रॅक्शन वॉचच्या यादीशी पुन्हा जुळवा, आणि ज्या दिवशी लाईन नव्हती, ताप होता, घरात कोणी गेलं होतं, त्या दिवसांतले निबंध पूर्ण वाचा. वहीत तारखा आहेतच. काही सापडलं तर को-ऑर्डिनेटरला नीट पुराव्यासह लिहा. छापून झालेल्या निबंधालाही दुरुस्तीची सूचना जोडता येते. माझ्या यादीत एकशे चाळीस निबंध होते. महिन्याला दहा असे वाचले. तीन निबंधांत चूक निघाली, एक तक्त्यातली, दोन मागे घेतलेल्या संदर्भांची. तिन्हींच्या दुरुस्त्या आता निबंधांसोबत लागलेल्या आहेत.